एकसष्ट दाखले

श्रीधरपंत गेले त्या दिवशी दुपारी केदारने पेपरात द्यायचा मजकूर आईसमोर धरला. मंदाकिनीबाईंनी तो वाचला, लाल पेन मागून घेतलं, 'दुखःद' निधनाचं 'दुःखद' निधन केलं आणि कागद परत दिला. "विसर्ग भलत्या जागी बसला होता," त्या म्हणाल्या. जमलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नवरा आतल्या खोलीत चटईवर निजवलेला आणि ही बाई शुद्धलेखन तपासतेय, हे काही त्यांच्या पचनी पडलं नाही. मंदाकिनीबाईंचा तरी काय इलाज होता? छापायला जाणारा कागद हातात आला की चूक दिसते आणि दिसली की हात जातो. चव्वेचाळीस वर्षांची खोड होती ती.

रडू मात्र आलं नाही. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. मार्च संपला, उन्हाळा गेला, ऑगस्ट आला, तरी नाही. "एकदा मोकळ्या व्हा हो," असं सांगून सांगून शेजारणी थकल्या. दाढ काढायच्या आधी भूल देतात, तेव्हा गाल असतो आपलाच पण हात लावला तर दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो. मंदाकिनीबाईंना सगळंच तसं वाटत होतं. धायरीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तोच होता, खालच्या दुकानातलं दूध तेच होतं, सिंहगड रोडवरच्या गाड्यांचा आवाजही तोच. केदार दर रविवारी वाकडहून येई, "आमच्याकडे चल ना," म्हणे, आणि त्या "बघू" म्हणत. चौदाव्या दिवशी त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि अर्धवट राहिलेलं टायपिंग पुढे सुरू केलं.

मंदाकिनीबाईंना गणित येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुण्यात गणितात पीएच.डी. झालेल्या कितीतरी लोकांना ते आजही खरं वाटत नाही. त्यांचे प्रबंध ह्या बाईंनी टाइप केलेले आहेत. बाविसाव्या वर्षी इंग्रजी टाइपरायटरवर बसल्या तेव्हा मशीनवर गणिताची चिन्हं नसत. चिन्हाच्या जागी मोजून कोरी जागा सोडायची आणि पान बाहेर काढलं की बारीक निबाच्या पेनाने, काळ्या शाईने, तिथे चिन्ह काढायचं. शाई वाळेपर्यंत कागदाला हात लावायचा नाही. पुढे कॉम्प्युटर आले, चिन्हं आपोआप उमटायला लागली, तेही त्या शिकल्या. सूत्राचा अर्थ त्यांनी कधी कोणाला विचारला नाही. कागदावर जे दिसतं ते टाइप करायचं, माशीला माशी, हा त्यांचा बाणा. समोरच्याने चूक लिहिली असेल तर ती त्याची चूक. आपली चूक मात्र असता कामा नये. आणि ती नसायची. गणित-विभागांमध्ये त्यांच्याबद्दल एवढं एकच वाक्य बोललं जाई की मंदाताईंनी टाइप केलेला आकडा तपासायची गरज नाही.

गणित येत होतं ते श्रीधरपंतांना. पेठेतल्या एका शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं गणित शिकवलं. उंच, किडकिडीत, बोलायला तिरकस. पोळी करपली तर "आज नकाशा छान आलाय" म्हणत. बायकोचं कौतुक तोंडावर करायचं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच होता. त्यांना छंद एकच. मेरुप्रस्तार म्हणजे आकड्यांचा तो डोंगर, ज्यात वरच्या दोन आकड्यांची बेरीज खाली लिहीत जायची. त्यातल्या एक सोडून एक ओळीत बरोबर मधोमध एक आकडा येतो. ते मधले आकडे काढले की मिळतात एक, दोन, सहा, वीस, सत्तर आणि पुढे. श्रीधरपंत त्यातले पहिले काही घेत, त्यांच्याखाली तेच उलट्या क्रमाने लिहीत, वरच्याला खालच्याने गुणत आणि सगळ्यांची बेरीज करत. दोन आकडे घेतले की बेरीज चार. तीन घेतले की सोळा. चार घेतले की चौसष्ट. प्रत्येक वेळी मागच्याच्या चौपट, म्हणजे चाराचा पुढचा घात. नेहमी असंच का यावं, हे त्यांना कळत नव्हतं. म्हणून ते तपासत. एक ओळ तपासून झाली की तिला ते 'दाखला' म्हणत. "आज एकविसावा दाखला झाला," असं जेवताना सांगत आणि मंदाकिनीबाई म्हणत, "आमटी घ्या." कॅलक्युलेटरमध्ये एवढे मोठे आकडे मावत नाहीत म्हणून सगळं हाताने चाले. पुढे पुढे एका दाखल्याला सहा-सहा महिने लागत. ते गेले तेव्हा एकसष्टावा दाखला पुरा झाला होता.

मंदाकिनीबाईंना ह्या सगळ्याचा राग होता, हे लपवण्यात अर्थ नाही. रविवार जायचे त्यात. कोकणात जायचं एकदा ठरून रद्द झालं ते चाळिसाव्या का एक्केचाळिसाव्या दाखल्यापायी. "ह्यातून कोणाचं काय भलं होणार आहे?" असं त्यांनी कैकदा विचारलं होतं. "कोणाचंही नाही," श्रीधरपंत म्हणत आणि पुन्हा वहीत डोकं घालत.

ऑगस्टमध्ये पेन्शनच्या अर्जासाठी त्यांच्या निवृत्तीचा आदेश हवा होता. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती केदारने आणूनच ठेवल्या होत्या. मंदाकिनीबाई त्यांच्या कपाटात आदेश शोधायला गेल्या, तेव्हा खालच्या कप्प्यात, वह्यांच्या मागे, एक तपकिरी पाकीट सापडलं. त्यात टाइप केलेली चार पानं होती. टाइप त्यांचाच होता, चटकन ओळखू आला. पहिल्या पानाच्या तळाला, डाव्या कोपऱ्यात, त्यांची आद्याक्षरंही होती. टायपिंग इन्स्टिट्यूटची शिस्तच होती तशी, ज्याने टाइप केलं त्याने तिथे आद्याक्षरं घालायची. एक्क्याण्णव साली श्रीधरपंतांनी गणिताच्या एका इंग्रजी त्रैमासिकाला टिपण पाठवलं होतं ते हे. त्यांना अंधुक आठवलं. सव्वीस ओळी तपासल्या आहेत, सूत्र खरं दिसतं, कोणाला सिद्ध करता येत असेल तर कृपया कळवावं, असा मजकूर होता. "काय झालं हो त्याचं?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं आणि श्रीधरपंत म्हणाले होते, "जागा नाही म्हणतात." पुढे कोणी तो विषय काढला नाही.

पानांना एक चिठ्ठी टाचलेली होती, इंग्रजीत, तीन ओळींची. सूत्र दुसऱ्याच ओळीत खोटं ठरतं. लेखकाने साधी पडताळणीही केलेली दिसत नाही. कळावे.

मंदाकिनीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. सव्वीस ओळी हाताने तपासलेल्या माणसाला असं लिहून आलं होतं. पण त्यांना टोचलं ते वेगळंच. चिठ्ठीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव होतं, म्हणजे लिहिणारा कोणी मोठा माणूस, त्याला काय कळत नव्हतं? सूत्र खोटं असलं तर हा आपला नवरा पुढे चौतीस वर्षं काय करत बसला होता? सगळे रविवार, ते कोकण, आमटीच्या वेळचे ते आकडे, सगळं एका खोट्या गोष्टीसाठी? माणूस गेल्याचं दुःख अजून पोचलं नव्हतं, आणि त्याच्या आधीच हा प्रश्न येऊन बसला. खरं होतं का खोटं, एवढं त्यांना कळायला हवं होतं. दुसरं काही नको होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी हवं होतं.

आणि योगायोग म्हणा, त्या वेळी हातात काम होतं ते अस्मिताचं. अस्मिता चाळिशीची, मूळची वाशीमकडची, कात्रजला राहणारी, एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायची आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करायची. तिच्या प्रबंधाचा विषय होता गणितातली विधानं कॉम्प्युटरकडून आपोआप सिद्ध करून घेण्याचा. मंदाकिनीबाईंनी तिची दीडशे पानं टाइप केली होती. त्यात प्रोग्रॅमला द्यायच्या आज्ञा होत्या, प्रोग्रॅमने दिलेली उत्तरं होती आणि 'सर्टिफिकेट' हा शब्द तर पानोपानी होता. अर्थ त्यांनी अर्थातच विचारला नव्हता.

गुरुवारी अस्मिता दुरुस्त्या घेऊन आली, हेल्मेट चपलांच्या स्टँडवर ठेवून लॅपटॉप उघडून बसली. मंदाकिनीबाईंनी चहा दिला आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. असं त्या कधी बसत नसत.

"तुझा हा प्रोग्रॅम करतो काय नेमकं?" त्यांनी विचारलं.

अस्मिताने कप खाली ठेवला. तीन वर्षांत काकूंनी पहिल्यांदाच हे विचारलं होतं. "काकू, तुम्ही आकडे घालून चेक करता ना, दहा वेळा, शंभर वेळा, तरी ते प्रूफ होत नाही. एकशे एकाव्या वेळी फेल होऊ शकतं. हा प्रोग्रॅम आकडे घालतच नाही. तो अक्षरं घेऊन बीजगणित करतो, शाळेत आपण करतो तसंच, फक्त प्रचंड. एका ओळीतून पुढच्या ओळीत जाताना काय बदलतं ते शोधून काढतो. आणि मग एक अपूर्णांक देतो. ते सर्टिफिकेट. तो अपूर्णांक घालून दोन्ही बाजू वजा केल्या की शून्य यायला हवं. आलं, की सगळ्या ओळींसाठी एकदम सिद्ध. कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचीसुद्धा गरज नाही, ती वजाबाकी तुम्ही कागदावर करून बघू शकता."

"म्हणजे दाखला," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"हो, दाखलाच की. एकच पुरतो."

मंदाकिनीबाई उठल्या आणि पाकिटातलं पहिलं पान आणून तिच्यासमोर ठेवलं. "हे घाल त्यात. जसं आहे तसं."

अस्मिताने सूत्र वाचलं, ओठ हलवले, पुन्हा वाचलं. मग टाइप केलं. उत्तर यायला वेळ लागला नाही. स्क्रीनवर दोन ओळी आल्या.

"काकू, हे खोटं आहे," ती म्हणाली. "दुसऱ्याच ओळीत फेल जातं. इथे आठ यायला हवेत आणि येतात चार."

"बरं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांना काही झालं नाही. चिठ्ठी लिहिणारा बरोबर होता, एवढंच. श्रीधरपंत चुकले होते. खोटं ते खोटं, त्यात रडण्यासारखं काय होतं? त्यांनी कप उचलायला हात पुढे केला.

"थांबा ना, मी तेच पाहून राहिले," अस्मिता पानावर वाकून म्हणाली. घाईत असली की तिचं वाशीम बाहेर येई. "हे इकडे उजव्या बाजूला 8 चा घात आहे ना, तिथे 4 असला तर हे एकदम क्लासिक आहे हो. आम्ही पोरांना शिकवतो. टायपिंग मिस्टेक असेल बहुतेक."

"ते मी टाइप केलंय," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

अस्मिता गडबडली. "नाही, म्हणजे, मूळ कागदातच तसं असेल."

"माझ्या टायपिंगमध्ये आकडा चुकत नाही."

"नाहीच चुकत, काकू. मी फक्त घालून पाहते." तिने 8 पुसून 4 केला आणि एक कळ दाबली. ह्या वेळी अपूर्णांक आला, ओळभर लांबीचा, वर-खाली अक्षरांनी भरलेला. अस्मिताने आणखी एक आज्ञा दिली आणि खाली एकटं शून्य उमटलं. "झालं," ती म्हणाली. "सिद्ध. एकसष्टच काय, एकसष्ट लाख ओळी घेतल्या तरी खरं." काकांच्या वह्यांबद्दल तिला थोडं माहीत होतं, म्हणून आकडा तिच्या तोंडात आला.

मंदाकिनीबाई त्या शून्याकडे बघत राहिल्या. श्रीधरपंतांना एका ओळीला सहा महिने लागत. "हे आत्ता सापडलं का लोकांना?" त्यांनी विचारलं.

"छे हो, फार जुनं आहे. त्याची दोन-चार प्रूफं आहेत पुस्तकांत. काकांनी कोणाला विचारलं असतं ना, तर त्याच दिवशी सांगितलं असतं कोणीही."

"विचारलं होतं," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

अस्मिता गेल्यावर त्यांनी कपाट पूर्ण रिकामं केलं. वह्या एकोणीस निघाल्या. पहिल्या वहीच्या पुठ्ठ्यात त्या टिपणाचा हाताने लिहिलेला कच्चा मसुदा घडी करून ठेवलेला होता. त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला, शेजारी टाइप केलेलं पान ठेवलं आणि ओळीला ओळ लावून वाचायला लागल्या. हे काम त्यांना येत होतं.

श्रीधरपंत आकड्यांच्या बाबतीत हट्टी होते. फळ्यावर, कॅलेंडरवर, डब्यांच्या लेबलांवर, सगळीकडे मराठी आकडे. "आपले आकडे असताना त्यांचे कशाला?" असा त्यांचा सवाल असे. पण त्रैमासिक इंग्रजी, म्हणून मसुद्यात त्यांनी सगळे आकडे मोठ्या निग्रहाने इंग्रजी काढले होते. पानांचे नंबर इंग्रजी, तारीख इंग्रजी, सगळं. फक्त सूत्राच्या उजव्या बाजूला, अगदी शेवटी, सवयीने हात घसरला होता. तिथे त्यांनी ४ काढला होता. घाईत काढलेला, वरची दोन टोकं एकमेकांना जवळजवळ चिकटलेली. वरखाली सगळे इंग्रजी आकडे आणि मधे हा. मंदाकिनीबाईंनी आज चष्मा लावून पाहिला तरी पहिल्या नजरेला तो इंग्रजी 8 च दिसला.

माशीला माशी. जे दिसलं ते टाइप केलं होतं.

श्रीधरपंतांनी पाठवण्याआधी पानं तपासलीच नव्हती, हेही त्यांना आता आठवलं. सही करताना त्या म्हणाल्या होत्या, "एकदा नजर तरी फिरवा." त्यावर ते म्हणाले होते, "तू टाइप केलेलं तपासायला मला काय उद्योग नाहीत?" चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून आलेलं कौतुक म्हणायचं तर ते एवढं एकच होतं, आणि त्यानेच घात केला होता.

मग त्यांना मसुद्यातल्या त्या ४ भोवती पेन्सिलीचं वर्तुळ दिसलं. फिकट झालेलं, पण होतं. खाली बारीक अक्षरात तारीख होती. चिठ्ठीवरच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे त्यांना कळलं होतं. लगेचच कळलं होतं.

एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर काम झालं असतं. टायपिंगची चूक आहे, आठाच्या जागी चार वाचावा. त्या मोठ्या माणसाने उलट टपाली कळवलं असतं की हे तर जुनंच आहे, अमुक पुस्तकात अमुक पानावर सिद्धता आहे. एक्क्याण्णव सालीच सव्विसाव्या दाखल्यावर गोष्ट संपली असती आणि पुढचे पस्तीस दाखले करायचे वाचले असते. मंदाकिनीबाई स्वतःवर चिडल्या नाहीत, त्यांच्यावरही चिडल्या नाहीत. त्या फक्त विचार करत राहिल्या की का टाकलं नसेल त्यांनी ते पोस्टकार्ड. आणि मग त्यांनी चिठ्ठीखालची सही नीट वाचली.

ती सही त्यांना पाठ होती. त्याच माणसाने त्याच महिन्यात त्यांना विभागातला पहिला मोठा प्रबंध टाइप करायला दिला होता. तोवर त्या अर्ज आणि लग्नाच्या पत्रिका टाइप करत. तो प्रबंध बिनचूक झाला म्हणून दुसरा मिळाला, दुसरा झाला म्हणून तिसरा, आणि बघता बघता अख्ख्या पुण्यात मंदाताई झाल्या. "आकडा तपासायची गरज नाही" हे वाक्य मूळ त्या माणसाचं. आणि पोस्टकार्ड जाणार होतं त्याच्याकडेच, पानाच्या तळाशी त्यांची आद्याक्षरं असलेल्या कागदाबद्दल.

श्रीधरपंतांनी पाकीट वह्यांच्या मागे सरकवलं होतं आणि "जागा नाही म्हणतात" असं सांगितलं होतं. पडताळणी केलेली दिसत नाही असं ज्याला लिहून आलं, तो पुन्हा कोणापुढे वही घेऊन जाणार नाही, हे उघड होतं. ते गेले नाहीत. एकटेच पडताळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाकिनीबाई वह्या परत लावायला बसल्या. लावताना सवयीने चाळत होत्या. पहिल्या सात वह्यांत सगळे आकडे मराठी होते, पानंच्या पानं, सुबक. आठव्या वहीच्या मध्यावर सव्विसावा दाखला संपत होता. पान उलटलं आणि सत्ताविसावा सुरू झाला, 27 असा. तिथून पुढे सगळे आकडे इंग्रजी. पहिल्या काही पानांवरचे वेडेवाकडे, शाळेत पहिल्यांदा काढावेत तसे, कुठे ४ काढून मग खोडून 4 केलेला. पुढे हात बसला होता. शेवटपर्यंत, एकोणिसाव्या वहीच्या शेवटच्या पानापर्यंत, एकही मराठी आकडा नव्हता.

हे त्यांना माहीत होतं. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं, त्या काळी. कॅलेंडरवर सिलिंडर लावल्याची तारीख एक दिवस इंग्रजीत दिसली. मग डब्यांवरची लेबलं बदलली. किराण्याची यादी बदलली. एवढा हट्टी माणूस आणि अचानक हे काय, म्हणून त्यांनी कितीदा चिडवलं होतं. "काय हो, शेवटी इंग्रजांनी तुम्हाला जिंकलंच," त्या म्हणाल्या होत्या, ओट्याशी, हातात यादी धरून. श्रीधरपंतांनी चपला घालता घालता वर न बघता उत्तर दिलं होतं.

"तुला वाचायला बरं."

त्यांना तो टोमणा वाटला होता. एका शब्दाने त्यांनी विचारलं नाही आणि श्रीधरपंतांनीही सांगितलं नाही. चौतीस वर्षं तो माणूस घरात परक्या आकड्यांत लिहीत राहिला.

मंदाकिनीबाईंनी वही मिटली. छातीत कुठेतरी काहीतरी दुखायला लागलं होतं, भूल उतरताना दुखतं तसं, आणि ते आपलंच आहे हे त्यांना कळत होतं. त्या उठून कॉम्प्युटरसमोर बसल्या. टिपणाची चार पानं त्यांनी पुन्हा टाइप केली, शब्दाला शब्द, एक्क्याण्णव सालचीच. शेवटी अस्मिताने दिलेला दाखला जोडला, तो ओळभर अपूर्णांक आणि खालचं शून्य. पहिल्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, आद्याक्षरं घातली. सूत्राशी आल्यावर बोट 4 च्या कळीवर गेलं, पण त्यांनी ती दाबली नाही. एका आकड्याएवढी जागा कोरी सोडली आणि पान छापून घेतलं.

बारीक निबाचं पेन टेबलाच्या खणात होतं. शाई वाळून गेली होती, म्हणून खाली जाऊन दुकानातून नवी आणली. जिना चढून आल्यावर थोडं थांबल्या, हात स्थिर होऊ दिला. मग कोऱ्या जागेत त्यांनी ४ काढला, मराठी, सावकाश, वरची दोन्ही टोकं चांगली लांब ठेवून, कोणालाही आठ वाटू नये असा. डोळ्यांतलं पाणी पानावर पडेल म्हणून त्यांनी खुर्ची मागे घेतली. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागदाला हात लावला नाही.